पलटणीचा फॅमिली डॉक्टर

आमच्या वस्तीतील बुद्धविहारात रविवारची वंदना आटोपली की मंडळी लगेच घरची वाट धरीत नाहीत. चहा होतो, वर्गणीचा हिशेब होतो, कुणाच्या रेशनकार्डाचे, कुणाच्या जातीच्या दाखल्याचे काम निघते. आम्ही कारकून माणसे असल्यामुळे फॉर्म भरण्याचे काम आमच्याकडे आपोआपच आलेले आहे. या बैठकीत आमचे हवालदारकाका न चुकता असतात. महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले. पायरीवर चपला काढताना नव्या पोरांचे लक्ष त्यांच्या डाव्या पायाकडे जातेच. दोन बोटे नाहीत.

"सियाचीनवर ठेवून आलो," असे काका हसत सांगतात. पण एका रविवारी ते हसले नाहीत. बारावीला बसलेली एक मुलगी जवळ बसली होती. तिने विचारले, "काका, मग बाकीची तीन कशी वाचली?" तेव्हा काकांनी सगळी हकीकत सांगितली. चौकीवर असताना पाय बधिर झाला. सोबतच्या जवानाने चोळायला घेतला. तेवढ्यात पलटणीचा डॉक्टर, पंचवीस-सव्वीस वर्षांचा कॅप्टन, ओरडला, चोळू नका! स्वतः गुडघ्यावर बसून त्याने काकांचा बूट सोडला, मोजे हळूहळू उतरवले आणि पाय कोमट पाण्यात धरला. गोठलेला भाग चोळला किंवा शेकोटीशी धरला तर मास आणखी खराब होते, अंगाला सोसेल एवढ्याच गरम पाण्याने तो हळूहळू उबदार करायचा असतो, हे काकांना तेव्हा कळले. पुढे हेलिकॉप्टरने खाली नेईपर्यंत तो पोरगा रात्रभर पाय तपासत राहिला. "माझ्या बापाच्या पायाला गावच्या डॉक्टरनं कधी हात लावला नाही," काका म्हणाले, "आणि हा साहेब माझे मोजे काढत होता."

या लेखाचे कारण ती मुलगी आहे. तिच्याबाबत आमच्या हातून एक चूक घडली, ती पुढे सांगणारच आहोत. त्याआधी हा पलटणीचा डॉक्टर असतो कोण, तो घडतो कुठे, हे आमच्या घराघरांतून माहीत व्हायला हवे.

आठशे माणसांचे घर

पायदळाच्या एका पलटणीत साधारण आठशे जवान असतात. त्यांच्यासोबत जो डॉक्टर राहतो त्याला रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर, थोडक्यात आर.एम.ओ. म्हणतात. हा मोठ्या हॉस्पिटलातला हृदयरोगतज्ज्ञ नव्हे की हाडांचा सर्जन नव्हे. तो साधा एम.बी.बी.एस. असतो आणि आपल्या नाक्यावरचा फॅमिली डॉक्टर जे करतो तेच तो करतो. फरक इतकाच की त्याचे कुटुंब आठशे जणांचे असते आणि पलटण जाईल तिथे तोही बिऱ्हाड घेऊन जातो. आज राजस्थानच्या वाळूत, दोन वर्षांनी अरुणाचलच्या पावसात.

सकाळी आजारी जवान रांगेत येतात. ताप, जुलाब, पायाला फोड, पाठीची उसण. त्यात खरा आजारी कोण आणि ड्युटी चुकवणारा कोण हे ओळखायचे. आणि ड्युटी चुकवणारा का चुकवतो हेही ओळखायचे, कारण कधी कधी तोच जास्त आजारी असतो. घरी जमिनीची भाऊबंदकी, बायकोचे बाळंतपण, पोराची फी, रजा नामंजूर. अशा माणसाला गोळी देऊन भागत नाही. त्याच्याजवळ बसावे लागते आणि त्याच्या रजेसाठी वरच्या साहेबाशी बोलावे लागते. लष्करात जवानाच्या प्रकृतीची प्रतवारी पाच इंग्रजी अक्षरांवर होते. त्यांतले पहिलेच अक्षर मनाच्या स्वास्थ्याचे आहे. कान, हात-पाय, शरीराची ताकद, डोळे हे सारे त्यानंतर.

रांग संपली की डॉक्टर औषधांचे कपाट बंद करून लंगरकडे निघतो. स्वयंपाक्याची नखे पाहतो, भांडी पाहतो, संडास पाहतो. पाण्याच्या टाकीत किती ब्लीचिंग पावडर टाकायची हे ठरवण्याची हॉरॉक्स नावाची एक चाचणी आहे. सहा कप, थोडे रसायन आणि निळा रंग कोणत्या कपात उमटतो ते पाहायचे. देशातला प्रत्येक एम.बी.बी.एस. विद्यार्थी ती शिकतो. ती ज्याच्या नावाने ओळखली जाते तो विल्यम हॉरॉक्स ब्रिटिश फौजेतला डॉक्टर होता. हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात शोधणारा रोनाल्ड रॉसही फौजी डॉक्टरच. १८९७ साली सिकंदराबादच्या छावणीत त्याने तो शोध लावला. फौजेला हे सुचण्याचे कारण साधे आहे. शत्रूच्या गोळीपेक्षा जुलाब आणि हिवताप यांनी जुन्या फौजा जास्त आडव्या केल्या. आमच्या वस्तीत पावसाळ्यात गढूळ पाणी आले की आम्ही नगरसेवकाच्या दारी जातो. पलटणीत पाण्याचा जाब डॉक्टरला द्यावा लागतो. हा नियम वस्त्यांनाही लागू झाला असता तर बरे झाले असते, असे आम्हाला नेहमी वाटते.

छावणीत कुटुंबे सोबत असली की जवानांच्या बायका-मुलेही त्याच्याकडे येतात. लष्करी बोलीत जवानाच्या बायकोला 'फॅमिली'च म्हणतात, तेव्हा हा शब्दशः फॅमिली डॉक्टर झाला. लसी, खोकला, अंगावरून जाणे, बाळाचे वजन. खेड्यातून आलेली बाई पुरुष डॉक्टरपुढे तोंड उघडत नाही, तेव्हा तिथे एखादी डॉक्टर मुलगी असली की काम सोपे होते.

आणि लढाई लागली तर? तर तोच डॉक्टर पलटणीच्या मागे थोड्या अंतरावर आपले प्रथमोपचार ठाणे लावतो. रक्त थांबवायचे, श्वास मोकळा करायचा, मोडलेले हाड बांधायचे, कुणाला आधी मागे पाठवायचे आणि कुणाला नंतर हे ठरवायचे. मोठी शस्त्रक्रिया मागच्या हॉस्पिटलात होते. पण तिथवर माणूस जिवंत पोहोचतो की नाही, हे बव्हंशी या पोरसवदा कॅप्टनच्या हातात असते.

उंचीवर तर त्याचा शब्द कमांडिंग ऑफिसरलाही ऐकावा लागतो. हिमालयात जवानाला एकदम वर चढवत नाहीत. नऊ ते बारा हजार फुटांवर ६ दिवस, बारा ते पंधरा हजारांवर ४ दिवस, त्याच्यावर आणखी ४ दिवस, अशी शरीराला सवय लावतात. हे शहाणपण फुकट मिळालेले नाही. १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास सपाटीवरचे हजारो जवान घाईघाईने वर नेले गेले आणि गोळी न लागताच फुप्फुसात पाणी भरून कितीतरी आजारी पडले. आपल्याच लष्करातील डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास १९६९ साली अमेरिकेतील नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. जगभरचे गिर्यारोहक आज त्याचा लाभ घेतात. त्या १,९२५ जणांमध्ये आमच्या समाजाची पोरे किती असतील, याचा विचार मनात येतोच.

सोलापूर रस्त्यावरचे फाटक

हा डॉक्टर घडतो कुठे? पुण्यातल्या वाचकांनी ते फाटक शेकडो वेळा पाहिले आहे. हडपसरच्या बसमधून सोलापूर रस्त्याने जाताना रेसकोर्सच्या परिसरात, वानवडीकडे, आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज लागते. सगळे त्याला ए.एफ.एम.सी. म्हणतात. आम्ही वीस वर्षे त्या रस्त्याने गेलो आणि आत बहुधा फक्त लष्करी अधिकाऱ्यांची मुले शिकत असतील, अशी आमची पक्की समजूत होती. ही समजूत चुकीची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या अध्यक्षतेखालील समितीने भूदल, नौदल आणि हवाई दल यांच्या वैद्यकीय सेवेचा एकत्रित विचार करावा असे सुचवले आणि १ मे १९४८ रोजी हे कॉलेज सुरू झाले. आरंभी तिथे डॉक्टर झालेल्यांनाच पुढचे शिक्षण मिळत असे. बारावीनंतरच्या मुलांना डॉक्टर करण्याचा विभाग ४ ऑगस्ट १९६२ रोजी उघडला, चीनशी युद्ध सुरू होण्यापूर्वी अडीच महिने. आता ते नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. म्हणजे पदवी तीच, जी ससूनच्या किंवा नागपूरच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याला मिळते. २०२३ च्या १ डिसेंबरला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तिथे येऊन कॉलेजला राष्ट्रपती ध्वज प्रदान केला. एका आदिवासी भगिनीच्या हातून तो दिला गेला, याचे आम्हाला विशेष वाटले.

साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. शिकणाऱ्याला मेडिकल कॅडेट म्हणतात. शरीररचना, औषधशास्त्र, शस्त्रक्रिया, बाळंतपण, सारे इतर मेडिकल कॉलेजप्रमाणेच. त्याशिवाय पहाटेची पी.टी., कवायत, गणवेष, वेळेची शिस्त. शेजारीच दक्षिण कमांडचे मोठे लष्करी हॉस्पिटल असल्यामुळे खाटेपाशी शिकण्याची सोय आहे. कॉलेजचे कवायतीचे मैदान कॅप्टन देवाशिष शर्मा यांच्या नावाने ओळखले जाते. ते इथलेच विद्यार्थी, त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळाले. पदवी घेऊन निघणारी प्रत्येक तुकडी त्या मैदानावरून पाऊल टाकीत जाते. इंटर्नशिपच्या वेळी खांद्यावर लेफ्टनंटचे तारे येतात, कायम वैद्यकीय नोंदणी झाली की कॅप्टनचे.

एवढ्याने तो पलटणीचा डॉक्टर होत नाही. त्याला लखनौच्या आर्मी मेडिकल कोअर सेंटरमध्ये पायाभूत प्रशिक्षणाला पाठवतात. तिथे तो नकाशा वाचणे, तंबूतले दवाखाने उभारणे, जखमी हलवणे, पलटणीच्या आरोग्याची कागदपत्रे ठेवणे शिकतो. पिस्तूल चालवायलाही शिकतो. यावर आमच्या एका भगिनीने विहारात विचारलेच, "डॉक्टर बाईनं बंदूक कशाला धरायची?" प्रश्न रास्त आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारांप्रमाणे डॉक्टरने लढाईत हल्ला करायचा नसतो. स्वतःच्या आणि आपल्या रुग्णांच्या रक्षणापुरते हत्यार त्याला बाळगता येते. आणि शत्रूचा जखमी हाती लागला तर त्याच्यावरही तसाच उपचार करणे हे त्याचे बंधनकारक काम आहे.

बौद्धाने फौजेत जावे काय, असा वाद काही तरुण घालतात. सैन्याबद्दल बाबासाहेबांची भूमिका काय होती ते खाली येईलच. वैद्याबद्दल मात्र वादच नाही. विनयपिटकात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेत शिकून आलेल्या या वैद्याला मगधाच्या बिंबिसार राजाने सांगितले, माझी, माझ्या अंतःपुराची आणि भिक्खूसंघाची सेवा तू कर. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा फॅमिली डॉक्टरच म्हणा ना! आणि जुलाबाने घाणीत पडलेल्या भिक्खूला स्वतः तथागतांनी आनंदाच्या मदतीने धुऊन काढले, ही गोष्ट तर आमची लहान पोरेही सांगतात.

थर्मामीटर तीन हातांतून

हवालदारकाकांचे ते वाक्य आम्ही विसरू शकत नाही: बापाच्या पायाला डॉक्टरने हात लावला नाही. ही एकट्या काकांच्या घरची गोष्ट नव्हे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. १९२९ च्या 'यंग इंडिया'त ती पत्ररूपाने आली होती. बायको बाळंत होऊन आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. गावच्या नगरशेटची रदबदली झाली तेव्हा वस्तीच्या बाहेर आणा, मग पाहीन, असे म्हणाला. बाळंतिणीला तान्ह्या बाळासह बाहेर आणले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हातात दिले, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. पुन्हा त्याच वाटेने परत. दिव्याच्या उजेडात पाहून डॉक्टरने न्युमोनिया सांगितला आणि निघून गेला. दोन रुपये फी देऊनही तो पुन्हा आला नाही. बाई गेली.

डॉक्टर नव्हता असे नाही. औषध नव्हते असेही नाही. हात लावायची तयारी नव्हती. म्हणून पलटणीतल्या डॉक्टरचे आम्हाला एवढे अप्रूप आहे. फौजेत सगळे निर्मळ आहे, असा आमचा भाबडा समज नाही. जिथे माणसे आहेत तिथे मनातली जात आहेच. पण तिथे डॉक्टरला जवान निवडता येत नाही, हे निश्चित.

फौजेशी आमचे नाते जुने. बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला. त्यांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. फौजेत शिरल्यामुळे आमच्या एका पिढीला अक्षरओळख झाली. १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली आणि ते दार मिटले. गोपाळबाबा वलंगकरांनी, रामजीबाबांनी अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात दार किलकिले झाले, पुन्हा मिटले. शेवटी १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर असताना, १ ऑक्टोबर रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आमच्या घराघरांत तिच्या टोपीतले फोटो आहेत. जवान झालो, हवालदार झालो, सुभेदार झालो, अलीकडे मुले कर्नलही होत आहेत. पण पलटणीच्या डॉक्टरच्या खुर्चीत आमच्या वस्तीतला एकही मुलगा वा मुलगी बसलेली आम्हाला आठवत नाही.

आमची चूक

आता ती चूक. वर ज्या मुलीचा उल्लेख केला तिचे वडील बिगारी, आई चार घरची धुणीभांडी करते. मुलगी पालिकेच्या शाळेतून शिकली, नीटच्या परीक्षेला मराठीतून बसली आणि वस्तीत कुणाला आजवर मिळाले नव्हते एवढे गुण तिने मिळवले. हवालदारकाकांच्या पायाची गोष्ट ऐकल्यापासून तिने एकच धरले होते, मला फौजेतली डॉक्टर व्हायचे आहे.

प्रवेशाचा फॉर्म अर्थातच आम्ही भरला. राज्याच्या सी.ई.टी. सेलचा. ए.एफ.एम.सी. पुण्यात, पुणे महाराष्ट्रात, तेव्हा महाराष्ट्राच्या फॉर्ममध्ये ते येणारच, असे आम्ही गृहीत धरले. नाव दिसले नाही तेव्हा पुढच्या फेरीत येईल म्हणून तिची समजूत घातली. खरी गोष्ट अशी की ए.एफ.एम.सी.साठी दिल्लीच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडे वेगळी नोंदणी करून तिथे या कॉलेजची पसंती द्यावी लागते. त्यातून नीटच्या गुणांनुसार मुले निवडून पुण्याला बोलावतात. आम्हाला हे कळले तेव्हा मुदत संपून गेली होती. बोलावणे आलेच असते असे कुणी म्हणू शकत नाही, तिथली स्पर्धा फार मोठी आहे. पण अर्ज करण्याचा तिचा हक्क आमच्या अज्ञानामुळे गेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायलीतल्या चुका काढणाऱ्या माणसाला ही गोष्ट रात्री झोपू देत नाही. मुलगी काही बोलली नाही. "काका, असू द्या," एवढेच म्हणाली. तिला मराठवाड्यातील एका सरकारी मेडिकल कॉलेजात जागा मिळाली, ती तिथे शिकते आहे.

दुसऱ्या घरात असे होऊ नये म्हणून जे समजून घेतले ते इथे लिहितो. मूळ माहितीपत्रक मात्र त्या-त्या वर्षीचे काढून वाचावेच.

बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. वय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण आणि २४ च्या आत. लग्न झालेले नसावे, आणि शिक्षण चालू असताना करताही येत नाही. आमच्याकडे अजूनही अठराव्या वर्षी स्थळे पाहणारे पालक आहेत, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. दरवर्षी साधारण १४५ जागा भरतात, त्यांपैकी मुलींच्या ३०. बोलावणे आले की पुण्याला इंग्रजी आकलन व तर्कशक्तीची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि कसून वैद्यकीय तपासणी. राखीव जागांविषयी ऐकीव माहितीवर राहू नये, माहितीपत्रकात त्या वर्षी काय छापले आहे तेच खरे.

आमची पोरे अडतात ती इंग्रजीवर. नीट मराठीतून देता येते, पण ही चाचणी आणि मुलाखत इंग्रजीतच. यावर उपाय म्हणजे आठवीपासून रोज इंग्रजी पेपरातला एक उतारा मोठ्याने वाचणे आणि त्यावर चार वाक्ये बोलणे. याला क्लासची फी लागत नाही, ऐकायला एक माणूस लागतो. विहारात संध्याकाळी तो बसवता येतो. आमच्याकडे एक निवृत्त टपाल कर्मचारी हे काम करू लागले आहेत. उच्चार त्यांचेही टपालखात्याचेच आहेत, पण पोरांची जीभ सुटली.

पैशाचे म्हणाल तर फी नाही, राहण्याची सोय कॉलेजात. अभिमत विद्यापीठांत वर्षाला वीस लाखांच्या पुढे मोजावे लागतात, हे ध्यानात घ्या. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मुलाच्या मेडिकलसाठी राहती खोली विकली आणि ते आज भाड्याने राहतात. ए.एफ.एम.सी. त्याबदली वर्षे मागते. शिक्षणानंतर सैन्यात सेवा करावीच लागते. काहींना कायम कमिशन मिळते, अल्पसेवा कमिशन मिळालेल्यांना सात वर्षे. मध्येच सोडायचे तर बाँडची रक्कम भरावी लागते आणि ती लाखांच्या घरात आहे. सही करताना घरच्यांनी हे नीट समजून घ्यावे. उद्या करमत नाही म्हणून परत येता येणार नाही. बदल्या होतील, सणावाराला घरी असणार नाही, आई आजारी पडली तरी रजा मिळेलच असे नाही. दुसऱ्यांच्या आयांना तपासणाऱ्या डॉक्टरचे हे दुःख आहे आणि ते आम्ही लपवीत नाही.

पगार विचारण्यात लाज नाही. सातव्या वेतन आयोगाने कॅप्टनचे मूळ वेतन ६१,३०० रुपयांपासून धरले, त्यावर १५,५०० लष्करी सेवा वेतन, शिवाय डॉक्टरांना खाजगी प्रॅक्टिस न करण्याचा भत्ता आणि महागाई. काही वर्षे पलटणीत काढली की लष्करातच एम.डी., एम.एस. करण्याची संधी असते. कुणाला जहाजावर जायचे असेल तर नौदल, विमानदलाच्या तळावर जायचे असेल तर हवाई दल.

दुसऱ्या कॉलेजातून एम.बी.बी.एस. झालेल्यांनाही दार बंद नाही. इंटर्नशिप संपवून वयाच्या तिशीच्या आत असलेल्यांना आर्मी मेडिकल कोअरमध्ये अल्पसेवा कमिशनसाठी अर्ज करता येतो. मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. पहिली नेमणूक ५ वर्षांची, पुढे एकूण १४ वर्षांपर्यंत वाढू शकते. हे वाचले तेव्हा आमच्या छातीवरचे ओझे थोडे उतरले. मराठवाड्यात फोन करून आम्ही त्या मुलीला हे सांगितले. ती म्हणाली, "काका, मला माहीत आहे. मी पहिल्याच वर्षी शोधून काढलं."

मुलींच्या आयांना

आयांची भीती आम्ही ऐकली आहे. एवढ्या पुरुषांत एकटी पोर कशी राहील? ही भीती खोटी नाही. पण पुढे गेलेल्या बायांकडेही पाहा. पुनीता अरोरा या देशातल्या पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल, याच कॉलेजच्या विद्यार्थिनी आणि २००४ साली याच कॉलेजच्या प्रमुख. माधुरी कानिटकर इथेच शिकल्या, लेफ्टनंट जनरल झाल्या आणि २०२१ साली नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू. २०२४ साली आरती सरीन तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. त्याही ए.एफ.एम.सी.च्याच. आणि डिसेंबर २०२३ मध्ये कॅप्टन गीतिका कौल या तरुण डॉक्टरची सियाचीनवर नेमणूक झाली. जिथे आमच्या हवालदारकाकांची बोटे राहिली, तिथेच.

काकांना ती बातमी आम्ही वाचून दाखवली होती. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "तिला बूट एक नंबर मोठे घ्यायला सांगा. आत दोन मोजे मावले पाहिजेत."

यंदाच्या उन्हाळी सुटीत ती मुलगी मराठवाड्यातून घरी आली आहे. विहारात आम्ही फॉर्मचे टेबल लावतो, त्यावर आता तीच बसते. भिंतीवर तिने एक कागद चिकटवला आहे. डाव्या बाजूला राज्याच्या सी.ई.टी. सेलचा फॉर्म, उजव्या बाजूला दिल्लीच्या कमिटीचा, आणि मधोमध लाल शाईने: दोन्ही भरा. तिचा धाकटा भाऊ या वर्षी नीटला बसला आहे. त्याचा फॉर्म ती भरणार आहे. आम्ही शेजारच्या खुर्चीवर बसून कागद पुढे सरकवायचे, एवढेच काम आम्हाला दिले आहे.